ढब्बूचं दुखणं

प्रिय दादा,

तुझी परीक्षा संपेपर्यंत हे पत्र टाकणार नाही. आपल्या ढब्बूचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले. दुखण्यापायी तो खाईना, शेपटी हलवेना. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर गेलीच आहे. डोळे काढले तर निदान दुखणं तरी जाईल."

बाबा भडकले, "मुक्या जिवाचे आणखी हाल कशाला?"

मी हट्टच धरला. पण ऑपरेशननंतर तो नुसता पडून राहिला, तेव्हा माझाही धीर सुटला.

आज सकाळी मात्र त्याने वास काढत बाबांचा मोजा पळवला. खुर्चीला धडकला, तरी सोडला नाही.

"चोरा, डोळे गेले तरी खोड जात नाही!" बाबा ओरडले. मग डोळे पुसत त्यांनी पायातला दुसरा मोजाही काढून त्याच्यापुढे धरला.

तुझीच,
चिमी