वीकनेस विचारला तर

सोमवार, ४.
आज सकाळी अंघोळ करून देवापुढे बसलो आणि स्वतःचे दोष आठवू लागलो. एकही आठवेना. उद्या गोदामात स्टोअरकीपरच्या जागेची मुलाखत आहे. लेक म्हणाली, बाबा, हल्ली वीकनेस काय असं विचारतातच, तयारी ठेवा. कारखाना बंद पडल्यापासून घर बायकोच्या शिलाईवर चाललंय, तेव्हा तयारी हवीच. बायकोला विचारलं. मशीन न थांबवता तिने सुरुवात केली: चूक झाकता, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही... मी मध्येच उठलो. एवढं नको होतं.

रात्री.
उत्तर सापडलं. 'मला कुणाला नाही म्हणता येत नाही.' दिसायला दोष, आतून चांगुलपणा.

मंगळवार, ५.
साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. उत्तर खणखणीत दिलं. त्यांनी विचारलं, ड्रायव्हर गेटपासशिवाय माल मागू लागला तर? मी म्हणालो, बिचारा लांबून आलेला असतो, साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या मॅडम हसल्या. छाप पडली. घरी सांगितलं, जमलंच म्हणून समज.

बुधवार, ६.
बायको म्हणाली, मग शाळेच्या गणवेशांचं काम यंदा नको, डोळे फार दुखतात हो. मी म्हणालो, अगदी बरोबर.

गुरुवार, ७.
गोदामातून फोन. निवड झाली नाही. मी 'थँक्यू साहेब' म्हणालो. बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, तारीख नंतर कळवतील. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? आज देवापुढे बसलो नाही. पाठ दुखत होती.

शुक्रवार, ८.
पाठ दुखत नव्हती.

ती मशीनवर कापड घालून ठेवत होती. आता कुठे डोळ्यांना आराम, असं लेकीला सांगत होती. मी म्हणालो, नोकरी नाही मिळाली, काल खोटं बोललो. ती खालीच बसली. म्हणाली, अहो, गणवेशांचं काम नको असं मी शाळेतल्या बाईंना कालच कळवून टाकलं. मग उठून मशीनवरचं कापड पुन्हा काढू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी.
एकटाच शाळेत गेलो. तिथे शिपायाने कशासाठी आलात विचारलं, तेव्हा परत फिरावंसं वाटलं. पण बाईंसमोर उभा राहून सगळं सांगितलं: नोकरी मिळालेली नाही, घरी खोटं मी बोललो, तिची काही चूक नाही. बाई म्हणाल्या, अर्धं काम दुसरीकडे दिलंय, उरलेलं न्या. कापडाचं गाठोडं खांद्यावर घेऊन घरी आलो.