वैष्णवीचा डावा हात

६ ऑक्टो., सोम.
रविवारी जिल्हा बेसबॉल संघाची निवड. फॉर्मात प्रत्येकीची जागा लिहायची. नववीतल्या वैष्णवीचंच अडलं. झेल पक्के, पाय चपळ, पण फेकीत जीव नाही. शॉर्टस्टॉपवरून, म्हणजे दुसऱ्या अन् तिसऱ्या बेसच्या मधून, पहिल्या बेसपर्यंत चेंडू तीन टप्पे घेते. तरी म्हणते, "सर, मी तिथंच खेळीन." दुसऱ्या बेसवर टाकली, तिथून पहिला बेस जवळ पडते. तोंड फुगवून बसली.

८ ऑक्टो.
डोकं फिरलं आज. शाळेतून येताना तिचं वावर लागते. ज्वारीतली पाखरं हाकलून राह्यली होती. गोटा उचलला अन् फेकला, पार वावराच्या धुऱ्यापल्याडच्या बाभळीले. डाव्या हातानं! दोन वर्षं मी काय झोपा काढल्या?
विचारलं तर पाखरांमागं पळाली. वावरातच होते तिचे बाबा, तेच बोलले, "लहानपणी डावा हात बांधून ठेवत होतो सर. डाव्यानं कोणी परसाद घेते का?" वरून हसले! बांधून! पोरीचा हात हाय का गोऱ्हा? घरी येऊन बायकोवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता.

९ ऑक्टो.
डाव्यानं फेकाले लावलं. चेंडू काय सणसणत गेला! पण डावखुऱ्याले शॉर्टस्टॉपवरून फेकाले अख्खं अंग वळवावं लागते. म्हणून पहिला बेस. ठरलं. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह शाळेत नाही. हेडसर म्हणे, "एका पोरीसाठी?" हाव, एका पोरीसाठीच! शेजारच्या गावच्या शाळेतून मागून आणला.

११ ऑक्टो., शनि.
मागून आणलेल्या ग्लोव्हनं तीन झेल सुटले. चौथ्याले मी ओरडलो. तिनं ग्लोव्ह काढून माझ्या पायाशी ठेवला.
"बाबा म्हणे उजवा. तुम्ही म्हणता डावा. हात माहा हाय ना सर? मले कोणी इचारत काऊन नाही?"
सगळ्या पोरींसमोर! असा राग आला... एवढीशी पोरगी अन्... पण वाकून ग्लोव्ह मीच उचलला. तीन दिवस तिच्या बापाले शिव्या घालत फिरलो. मी तरी कुठं विचारलं तिले?
जाताना फॉर्म तिच्या हाती दिला. जागेचा रकाना कोरा. "तूच लिही," म्हटलं. डाव्या अन् उजव्या हाताचे, दोन्ही ग्लोव्हही दिले. तिनं फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. पिशवी उचलून गेली.
निवडीले जायची सकाळी सातची एसटी. ती येईल का, ठाऊक नाही. मी साडेसहालाच फाट्यावर जाऊन उभा राहतो.