विषाच्या डब्यावरचा तळहात

अमरावती, ४ ऑगस्ट १९६३
कपाशीवर फवारायच्या विषाच्या डब्यांसाठी चिन्ह हवे, असे पेढीचे व्यवस्थापक म्हणाले. पुष्कळ गिऱ्हाइकांना अक्षरओळख नाही. दिवसभर रेखाटने. चित्रकलेच्या तासाला शिकवतो तेच : चिन्ह दुरून, शब्दावाचून, एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. कवटी बाद, खेड्यात ती मांत्रिकाची. उभा तांबडा तळहात घेतला. चौकातला पोलीस हेच करतो. रेषा कमी, अर्थ एकच. फार समाधान.

१९ ऑगस्ट
चिन्ह पसंत. वर्गात फळ्यावर काढले. सगळी मुले एका सुरात, "थांबा."

अकोला, २ ऑक्टोबर
तार आली म्हणून आलो. दर्यापूरची अक्का, माझी थोरली बहीण, इस्पितळात. ओकाऱ्या, झटके. विषाचा रिकामा डबा राखेने घासून तिने त्यात गोडेतेल भरले. तिचा उपास होता. त्या तेलातले बटाटे तिने एकटीनेच खाल्ले. पिशवी खाली ठेवली. पाणी प्यालो. काही वाटले नाही.

३ ऑक्टो.
भाऊजींना विचारले, डब्यावर हात होता ना?
"होता नं. म्हनून तं ठेवला. नवी बंडी आनली का आपन कुंकवाचा हात उमटवतो. तिले वाटलं, दुकानदारानं पूजा करून देल्ला." मग, "चांगला काढला होता, मास्तर. पाची बोटं बरोबर."
दर्यापुरात तिच्या आळीत चौक नाही, पोलीस नाही. बैलबंडी आहे. आमच्या घरच्या बंडीवर लहानपणी माझेही हात उमटवले होते. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, तो पाहणाऱ्याच्या

५ ऑक्टो.
व्यवस्थापकांना टेलिफोन. "गेलेले डबे गावोगाव पोचले, मास्तर. ते कसे परत आणू? पुढची खेप आठ तारखेला निघते. तोवर दुसरे काढून द्या, नाहीतर हातच जाईल."
भाऊजी जेवत नाहीत. मी जेवतो.

७ ऑक्टो.
अक्का डोळे उघडते, माणसे ओळखते. धोका टळला असे डॉक्टर अजून म्हणत नाहीत. नवे चित्र तिच्यापुढे धरले : डबा, शेजारी मेलेला बैल, पाय ताठ, जीभ बाहेर. आधी काही सांगितले नाही. सांगून दाखवले तर परीक्षा होत नाही.
तिने बराच वेळ पाहिले.
"थकला असन रे बापू. झोपू दे त्याले."
भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे. मी पान उलटले, पेन्सिलीला टोक केले. खेप सकाळी निघणार. अक्काला पुन्हा झोप लागली आहे. उठली की तिला