चाकवताची जुडी

९ जानेवारी १९५६, सोमवार

आज भोईवाड्यातल्या चाळीत बिऱ्हाड थाटलं. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, वळकटी आणि सुंदराबाईंच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा. त्यांचे यजमान शामराव गिरणीत सूतखात्यात आहेत. मी शिकवते ती शाळा पाच मिनिटांवर. चहा देताना सुंदराबाईंनी हळूच विचारलं, "आमच्या हातचं चालेल ना, बाई?" मी कप रिकामा करून पुन्हा पुढे केला. त्या हसल्या.

१८ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला नाही हे कळल्यापासून शाळा, गिरणी, बाजार सगळं बंद. गोळीबार, कर्फ्यू. शामराव खोलीत येरझारा घालतात.

२० जानेवारी

सकाळी तासभर कर्फ्यू उठला. वडाळ्याच्या बाजूला, रुळांपलीकडे कोवळा चाकवत दिसला. आमच्या जुन्नरकडे गव्हात उगवतो तसाच. तेवढ्यात पोलिसांची गाडी ऐकू आली. मुठी भरभरून उपटला, पदरात कोंबला आणि पळाले. आज मी रांधते म्हटलं. शामरावांनी भाजी दोनदा वाढून घेतली. जरा कडवट होती. कोणी बोललं नाही. मीही नाही.

दुपारी दोन

तिघांच्याही तोंडाला कोरड. माठ संपला. सुंदराबाई साडी झटकतायत, मुंग्या आहेत म्हणतात. मुंग्या नाहीत.

तीन

शामराव हवेत धागे जोडतायत. चिमटीत धरायचा, पीळ द्यायचा, मग पुढचा. हाक मारली तर वळले — डोळे नुसते काळे. शेजारची बकुळा बाहेरचं लागलंय म्हणाली आणि दारातूनच मागे सरली.

केरात देठ चाचपले. एका डहाळीला लांबट कळी. चिरताना दिसली होती. तण म्हणून बाजूला टाकली, बाकीचं तसंच चिरलं. धोतरा. माझ्याच मुठीतून —

बकुळाचा नवरा डॉक्टरांकडे निघाला. चौकातून पोलिसांनी त्याला परत पाठवलं.

अक्षरं पुसट दिसतायत. डॉक्टर आले तर वाचता यावं म्हणून मोठं लिहिते. धोतरा. दुपारी बारा. तिघं.

सुंदराबाई हात सोडत नाहीत. "छान झाली होती भाजी, बाई." पुन्हा पुन्हा तेच —

शामराव जागेवर नाहीत. भोंगा झाला म्हणत होते. गिरणी तर बंद — दार उघडं. मी जिन्यापर्यंत गेले, पायऱ्या दिसत नाहीत. तशीच परत आले. खाली चौकाकडून कोणीतरी थांब म्हणून ओरडलं. पुन्हा ओरडलं. ते थांबणार नाहीत, त्यांना वाटतंय पाळीला उशीर —