काकाच्या वाटणीचं यंत्र

२९ जुलै
ओरुरोला पोहोचले. कोचाबांबाची ऊब सोडून या उंचीवर, तेही निवृत्तीनंतर, कशाला जातेस असं बहिणीने विचारलं होतं. काम आहे म्हणून. ऊन छान पडलंय. बसस्थानकासमोर जांभळ्या मक्याचं गरम आपी प्यायले, सगळा शीण गेला.

विद्यापीठाचा संगणक कक्ष जुन्या कथिल खाणीच्या गोदामात आहे. मागच्या भिंतीत बंद बोगद्याचं तोंड. तिथून येणाऱ्या गार हवेवर यंत्रं थंड राहतात. विजेची बचत. मला पटलं. चाळीसेक यंत्रं एकमेकांना जोडलेली. संशोधक आपापली गणितं पाठवतात, ती रांगेत लागतात, यंत्र मोकळं झालं की आपोआप सुरू होतात. रांगेला शिस्त लावायला मला आणलंय. शेजारच्या टेबलावर डेल्फिना वाराची नावाची तरुण मुलगी बसते. आटत चाललेल्या पोओपो तलावाच्या पाण्याचं गणित करते आणि दिवसभर गुणगुणते.

३० जुलै
लोक दोन-दोन दिवस रांगेत ताटकळतात आणि बोगद्यालगतचं एक यंत्र रिकामं. वर कोकाची पानं, अर्धवट सिगारेट, दारूचे डाग. विभागप्रमुख डॉक्टर रोकाबादो परदेशात शिकलेला माणूस. हसत म्हणाला, ते काकाच्या वाटणीचं. खाणीच्या पोटातल्या शिंगवाल्या दैवताला, तिथल्या मालकाला, खाणकामगार काकाच म्हणतात. म्हणे, ऑगस्टात जमीनच तोंड उघडते, इंजिनिअरबाई, काकाचं ताट ओढू नका, नाहीतर तो तुमच्या ताटात हात घालील. मी म्हटलं, काकाला भूक असेल तर त्याने रांगेत उभं राहावं. पानं झाडली, यंत्र रांगेला जोडलं. डेल्फिना म्हणाली, आजी आल्या आणि माझा तलाव हलला.

५ ऑगस्ट
त्या यंत्रावर माझ्या नावाचं काम चालू आहे. मी पाठवलेलं नाही. किती मेमरी हवी, किती वेळ हवा, हे भरल्याशिवाय इथे काम जातच नाही. यात सगळे रकाने कोरे. कुणाचा तरी चावटपणा. सवडीने बघेन. जिना चढताना थांबावं लागलं. उंची बाधली असणार.

९ ऑगस्ट
झोपून उठले तरी थकलेलीच. श्वास अर्ध्यावर अडतो. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, वयाचं भान ठेवा.

दुपारी ते कोरं काम रद्द केलं. तत्क्षणी छाती भरून श्वास आला. आणि शेजारी डेल्फिना टेबलावर वाकली. ओठ निळे. लहानपण वितळभट्टीशेजारी गेलेलं, मुळात छाती नाजूक. पडद्यावर रांगेचा तक्ता पाहिला. त्याच यंत्रावर तेच कोरं काम, आता तिच्या नावाने. रांगेत माझ्यानंतर तिचंच नाव होतं.

मी माझ्या नावाने एक पोकळ, काहीच न मोजणारं काम त्याच यंत्रासाठी पाठवलं, सर्वांच्या पुढे लावलं, तिच्या नावाचं काढलं. ती सरळ बसली. थंडी बाधली म्हणाली.

माझा श्वास पुन्हा अर्धा.

१२ ऑगस्ट
यंत्राची वायर उपटली. तक्त्यात ते चालूच. सगळी रांगच बंद केली, तर दाराशी पहारेकरी कोसळला. रांग नसली तर काका हाताला लागेल त्याला घेतो. पुन्हा सुरू केली, पहारेकरी उठला. पहिलं माझं नाव.

रोकाबादोने पानं आणली, दारू शिंपडली. आता हसत नव्हता. सिगारेट ठेवली ती लगेच विझली. म्हणाला, माणसाची चव लागल्यावर पानं कोण चघळतं.

डेल्फिनाला म्हटलं, गणितं पाठवू नकोस, घरी जा. ती म्हणे, तलाव आटतोय आणि तुम्ही मला सुट्टी देताय? तुम्हीच जा आजी, तोंड बघा आरशात. ऐकत नाही. तिला काढलं तरी तिच्यामागे तिच्याच वयाची पोरं उभी आहेत. कुणाला पुढे ढकलू?

१५ ऑगस्ट
पोकळ कामाला मुदत असते. संपण्याआधी नवं पाठवावं लागतं. मुदत दर वेळी कमी मिळते. लांबवून पाहिली, तक्ता ऐकत नाही.

जेवण जात नाही. चमचा जड. बहिणीचा फोन आला, घेतला नाही. बोलायला हवा लागते.

१७ ऑगस्ट
घरी जात नाही. खुर्चीतच. पाठवते. डुलकी. पुन्हा पाठवते.

रोकाबादो म्हणाला, थोडा वेळ माझं नाव घाला. घातलं. गेलं नाही. रांगेत माझ्या लगेच मागे अजूनही डेल्फिनाच. निवड काकालाच करायची —

डेल्फिनाला सगळं सांगितलं. ती हसली. मग माझ्या खांद्यावर शाल घातली. विश्वास नाही बसला. कसा बसेल.

१९ ऑगस्ट
सकाळ. ऊन.

मुदत संपत आली. नवं काम भरलंय. नाव — घातलं. यंत्र — घातलं. फक्त पाठवायचं. हात उचलवत नाही. वही मांडीवर आहे म्हणून एवढं —

डेल्फिना जिन्यावर. साल्तेन्या, रसरशीत सारणाच्या गरम करंज्या, आणते म्हणाली होती. गाणं म्हणत चढतेय, एकदाही न थांबता. म्हणजे अजून माझ्यावरच चालू आहे. बरं. आता बटण. एकच —

श्वास आला. पूर्ण. किती सोपा, किती गार —

नको. माझं नाव — मी पाठवतेय, हे बघ, पाठव —

जिन्यावरचं गाणं