टाकीवर गेलेला डबा

१४ मार्च, मंगळवार

चि. ठमीस आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे बोलतात, तेवढीच घरात सोबत. डब्यावरून निरोप नाही आणि पत्र कसं आलं म्हणून घाबरू नकोस. डबाच घरात राहिला नाही.

आठवतं ना, फोनला इथे रेंज नाही म्हणून तू घरोघरी ते रेडिओचे डबे बसवलेस? शिडीवर चढून मला वरून ओरडून सांगत होतीस, "आजी, या डब्यातून त्या डब्यात, त्यातून पुढच्यात, असा लांबवर निरोप जाणार. मधे कंपनी नाही, बिल नाही. हे कुणाच्या बापाचं नाही!" मी म्हटलं, "आधी खाली उतर, मग बाप काढ." काय दिवस होते. गल्लीभर नुसती पीं पीं. तुझे आजोबा सायकलच्या दुकानातून रोज लिहायचे, 'निघालो, भात लाव.' चार पावलांवर दुकान, पण हौस दांडगी.

तर पाण्याच्या टाकीवरचा डबा जळला. वरची आळी आणि खालची आळी तिथेच जोडलेली. तुझ्या थोरल्या आजीचा पाय मोडलाय, वर एकटी पडून असते आणि नर्सबाई राहतात खाली. नवा डबा आणला, तर तो जुन्यांशी बोलेना. रेडिओवाला म्हणाला, "आजी, आतली चिप एकच कंपनी करते. त्यांनी जुनी बंद केली." म्हटलं, "मग माझा काढ."

"तुमचा टाकीवर चढवायचा तर आतलं सगळं पुसावं लागेल."

"आधी उतरवून घे की कुठेतरी."

"कुलूप आहे. किल्ली कंपनीकडे."

कुठली कंपनी ते मी विचारलं नाही. डब्यावर छापलंय, तुझ्या पहिल्या पगाराच्या पाकिटावर होतं तेच. मी तुला बोल लावत नाही. पोट सगळ्यांना आहे. पण तेव्हा शिडीवरून ओरडणारी पोर कुठे गेली, हे एकदा तुझ्या साहेबांना विचार.

डब्यात तुझ्या आजोबांचे निरोप होते. मी कधीमधी बघायची. वेळ जात नाही म्हणून, दुसरं काही नाही. शेवटचा होता, 'दमलोय. जरा बसून येतो.' भात मी लावला होता.

रेडिओवाला हातात डबा धरून उभाच. म्हणाला, "आजी, विचार करा." म्हटलं, "तिकडे जाऊबाईंचा पाय सुजतोय आणि तू मला विचार करायला सांगतोस? पूस." पुसला. मी भांडी घासत होते.

आता नर्सबाई वेळेवर जातात. मी रोज चढ चढून बघून येते. थोरली म्हणते, "डब्यात तुझी बडबड वाचावी लागायची, आता ऐकावी लागते." म्हणजे बरी आहे.

एक विचारायचं होतं. जाताना तू तुझा डबा बरोबर नेलास. आजोबा तुलाही लिहायचे, दुकानात चहा पाठव म्हणून, आणि माझ्या चहाड्या. ते असतील अजून त्यात. तो उघडू नकोस, नवा करू नकोस, तुझ्या कंपनीत कुणाच्या हाती देऊ नकोस. थोरली उभी राहिली की मी गाडीत बसते. उतरल्यावर तुझ्या घरी कसं यायचं ते नीट लिहून पाठव, मला मोठी अक्षरंच वाचता येतात.

कधी कुणाकडे काही न मागितलेली,
तुझी आजी