परचंड्याचं गाढव

प्रिय कुलदीप,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो, आणि ती विनोद समजून बाजूला सारू नयेस अशी नम्र विनंती. तू गाढव देऊन टाकलंस. धुरंधर! डाव्या कानाला खाच असलेला, कुठल्याही पुलाच्या मधोमध थांबून विचार करणारा, नववीपासून आजवर तुझ्या परचंड्याचं सगळं सामान वाहणारा तो महात्मा तू कुणाला दिलास? जकातनाक्यावरच्या नाकेदाराला! अरे, तो नाकेदार मी एका वाक्यापुरता निर्माण केला होता. ‘कोण आहे रे तिकडं’ एवढं म्हणून त्याने कायमचं अंतर्धान पावावं, अशी माझी योजना होती. त्याला मी नाव दिलं नव्हतं, चेहराही नव्हता. आणि तुझा मेसेज येतो, ‘परचंड्या नाकेदाराले गाढव देते. म्हणते, राहू दे तुह्यापाशी, कामी येईन.’ आता त्या नाकेदाराला घर आलं, गोठा आला, कडब्याची सोय आली. संस्कृत नाटकातला सूत्रधार नांदी झाली की दोन शब्द बोलून निघून जातो. मी इतकी वर्षं रंगमंचावर उभा आहे आणि आता माझ्या गळ्यात गाढवही आलं.

आपल्या या उद्योगाबद्दल कुणाशी बोलायची सोय नाही हे तुला माहीतच आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात तुझा तो मेसेज वाचून मी हसलो आणि मनोजने पकडलं. मनोज म्हणजे आमचा ग्रंथालयवाला, रोज अकोल्याहून अप-डाउन करणारा. ‘सर, फोनात पाहून काहून हासून राहिले?’ मी म्हटलं, खेळ आहे. अकोल्याला माझा एक मित्र आहे, त्याचा एक वीर आहे. मी सांगतो, वीर कुठे पोचला आणि समोर काय आहे. मित्र सांगतो, वीर काय करतो. मग तो थैलीतून एक आकडा काढतो आणि त्यावरून जमलं की फसलं ते ठरतं. मनोज ऐकून घेणारा माणूस. म्हणाला, ‘मंग जिकते कोण?’ म्हटलं, कुणीच नाही. ‘मंग संपते कवा?’ मी म्हटलं, संपत नाही. असं म्हटलं खरं, पण नंतर बराच वेळ माझं रजिस्टरमध्ये लक्ष लागलं नाही.

किती मूर्ख होतो रे आपण. तू अंजनगावाहून शिकायला आलेला, आमच्या मागच्या खोलीत राहणारा. तुझ्या पेटीला तुझ्या बाबांच्या, खुशालरावांच्या, पानमळ्याचा वास. राजकमल चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडे आपल्याला ते इंग्रजी पुस्तक सापडलं, मुखपृष्ठावर आग ओकणारा प्राणी. माझ्या वडिलांनी चष्मा वर करून पाहिलं आणि ‘मकर दिसतो’ असा निर्णय दिला. पुस्तकाची सुरुवातीची पानं नव्हती, शेवटचीही नव्हती. आत लिहिलं होतं की वीस बाजूंचा फासा घ्यावा. आपण अख्खी अमरावती पालथी घातली. खेळण्यांच्या दुकानातला तो जाडा शेठ म्हणाला, ‘वीस बाजूचा फासा? थो चेंडू होते ना बे मंग!’ शेवटी तंबोला खेळाच्या डब्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या वेगळ्या काढल्या आणि तुझ्या आईने, आशाबाईंनी, निळ्या खणाची थैली शिवून दिली. मी तुझ्या वीराचं नाव प्रचंडसेन ठेवलं होतं. दोन दिवसांत तू त्याचा परचंड्या केलास, आणि माझ्या सगळ्या समासांची अशीच वासलात पुढे लागत राहिली. नकाशा मात्र माझा. वर गाविलगडाचे डोंगर, खाली पूर्णेकाठचा क्षारदेश, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि राजा तहानेने चिडका झालेला आहे. तू म्हणालास, ‘हे त आमच्या मामाचं गाव हाये.’

आणि त्या पुस्तकात प्रत्येक वीराला प्राण मोजून दिलेले होते, पण प्राण संपले की काय, ते शेवटच्या पानांत होतं आणि ती पानं फाटलेली. तू म्हणालास, सरळ आहे, मेला. मी म्हटलं, ग्रंथात आधार नाही, म्हणून मरण नाही. वीर मूर्च्छित पडतो. सोबत्याने येऊन त्याच्याजवळ बसावं, की एक प्राण परत येतो. तू मला भित्रा भट म्हणालास, पण मानलंस. म्हणून आपल्या राज्यात आजतागायत कुणी मेलं नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पोरांनी हा खेळ असा चुकीचा खेळला नसेल.

मग तू इंजिनिअरिंगला अकोल्यात गेलास, मी अमरावतीतच संस्कृतची धातुरूपं घोकत राहिलो आणि खेळ अंतर्देशीय पत्रांवर आला. एका पत्रात दरवाजा उघडायचा, पुढच्या पत्रात आत काय आहे ते कळायचं, मध्ये आठवडा. मी भेटायला आलो तेव्हा तू मला कॉलेजची कॉम्प्युटरची खोली दाखवलीस. बाहेर चपला काढायच्या, आत पडदे आणि गारवा. मी सवयीने घंटा शोधली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यात तू स्वतः लिहिलेला खेळ होता: गुहा, विहीर, वेताळ, सगळा क्षारदेश, रोमन लिपीत. मी ‘गच्छ’ असं टंकून पाहिलं तर मशीन म्हणालं, ‘काहून बे, डोकं फिरलं काय?’ मशीनने वऱ्हाडीत केलेला तो माझा पहिला आणि शेवटचा अपमान.

पुढे तुझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ज्योत्स्ना शिकायला आली आणि त्याच खेळातल्या विहिरीत अडकली. आठवडाभर अडकली आणि मग सगळ्या वर्गासमोर म्हणाली, ‘सर, ह्या विहिरीतून वर यायचा रस्ता तुम्ही लिहायलाच विसरले.’ खरंच विसरला होतास. तुमच्या लग्नानंतर तिने आपल्या खेळात वैद्या होऊन प्रवेश केला आणि पहिल्याच दिवशी मला विचारलं, भाऊजी, एवढ्या लढाया आहेत, तर जेवण कोण करतं? तेव्हापासून आपल्या वीरांना भाकरीचा हिशेब ठेवावा लागला. आमच्याकडे सून म्हणून आलेली कुणीही माझ्या राज्यात एवढी सुधारणा केली नसती.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला मी तुझ्या बाजूला बसलो होतो. तू माझ्याकडे न पाहता हळूच विचारलंस, ‘सूत्रधारा, पुढं काय?’ मला वाटलं, बरं झालं, विचारतो तरी आहे. मी घरी येऊन लिहिलं की वैद्या सोनकुंडच्या रानात मुळ्या गोळा करायला थांबली आहे, परचंड्या एकटा पुढे निघाला. मला दुसरं काही लिहिता येईना. सोनकुंडच्या वाटेला तू परत वळला नाहीस, मीही वळवलं नाही. आपण तिच्याबद्दल एकदाही बोललो नाही. आपण कशाबद्दल बोललो कधी? नोकरी गेली तेव्हा तू लिहिलंस, परचंड्या दलदलीत फसला. तुझी खुशी जन्मली तेव्हा लिहिलंस, परचंड्याले रानात हरणाचं पिल्लू सापडलं, काय खायला देऊ? मी पेढे घेऊन आलो. आपली भाषाच ती. म्हणून तुला वाटू नये की मला वाचता येत नाही.

आधी तू कंदील दिलास, त्या आंधळ्या साधूला. मी हसलो, आंधळ्याला कंदील! मग घोंगडी दिलीस. मग तलवार पिंपळाला टांगून पुढे गेलास आणि मी आठवण केली तर म्हणालास, ‘लागत नाही आता.’ मग धुरंधर. आणि परवा, खेळाची गोष्ट ऐकून तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात डोकावलेल्या मनोजच्या हाती, तू मला निळी थैली पाठवलीस, सोंगट्यांसकट. मनोज म्हणाला, ‘कुलदीपभाऊंनी सांगतलं, हे आता सरपाशीच राहू द्या.’ दुकानातले सगळे जुने कॉम्प्युटर तू भातकुलीच्या शाळेला देऊन टाकलेस हेही त्यानेच सांगितलं. ते क्लासमधलं हिरव्या अक्षरांचं मशीनसुद्धा, ज्यातला विहिरीचा खेळ ज्योत्स्ना कुणाला पुसू द्यायची नाही.

तुझ्या लक्षात आलं असेल की पावसाळ्यानंतर क्षारदेशात फार संकटं आली. पूर्णेला महापूर, घाटात दरड, दरवाजाला सात कुलपं, प्रत्येक कुलपाला एक कोडं. तू एकदा चिडून लिहिलंस, ‘काहून अडवून राहिला बे मले?’ मी पुढचं कोडं पाठवलं. मीच अडवत होतो. कोडं सुटेपर्यंत तू उद्या मेसेज पाठवशील, एवढंच माझं गणित होतं. शेवटी शेवटी तर मी इतकी अवघड कोडी घातली की मलाच उत्तरं माहीत नव्हती. तू एकही सोडवलं नाहीस. म्हणालास, ‘तूच ठरव.’ बुधवारी विचारलंस, ‘तो मरणाचा नियम आपण केलाच नाही. करून टाकू ना आता.’ मी विषय बदलला, परीक्षांचे पेपर, गुडघेदुखी, काहीबाही. आणि आज सकाळी तुझी चाल आली. ‘परचंड्या एकटा आत जाते. परत यायचा रस्ता नको लिहू.’

मी लगेच फोन केला. तू उचललास, हसलास. ‘काही नाही बे, खेळ आहे थो. तू काय टेन्शन घेऊन राहिला!’ इतका मोकळा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता, आणि तो ऐकूनच मी पिशवी भरायला घेतली. मग पुण्याला खुशीशी बोललो. पोरगी किती खूश होती रे. म्हणाली, काका, बाबा आता शांत झालेत, मला म्हणाले तू तुझं पाहा, माझी काळजी करू नको. आणि आईची पैंजणं कुरिअरने पाठवून दिली. मग बोलता बोलता तीच थांबली. तिने विचारलं, ‘काका, तुम्ही का फोन केला?’ ती निघाली आहे. रात्रीपर्यंत पोचेल. तुझ्या शेजारच्या किशनरावांना मी सांगितलं की मी पोचेपर्यंत काहीतरी निमित्त काढून तुझ्याकडे बसा; तो माणूस कॅरमचा बोर्ड घेऊन तुझ्याकडे का आला आणि उठायचं नाव का घेत नव्हता, ते आता तुला कळलं असेल. रागव त्याच्यावर, पण नंतर.

हे पत्र मी बसमध्ये लिहिलं. मूर्तिजापूर गेलं आता. हे पोस्टात पडणार नाही; मी दारातून आत येऊन तुझ्या हातात देणार आणि समोरच्या खुर्चीवर बसणार, म्हणजे तू हे वाक्य वाचतोस तेव्हा मी तुझ्याकडेच पाहतो आहे. तोंडाने बोलायला मला जमलं नसतं. इतकी वर्षं पोरांना संस्कृतातले संधी सोडवायला शिकवले, पण मित्राला एक साधा प्रश्न विचारायचा तर मला एवढं पत्र लिहावं लागतं. अकोल्यात मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीण बाई आहेत, त्यांच्याशी बोललो आहे, त्या आज आपल्याला वेळ देणार आहेत, मी सोबत येणार आहे आणि नंतर कितीही दिवस राहणार आहे. घरी तसं सांगून निघालो. तू हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे, मी उठणार नाही. फक्त खरं सांग. कुलदीप, तू मरायचं ठरवून राहिला काय? मले तेच वाटून राहिलं. मले लय भेव वाटून राहिलं रे.

तुझाच,
किशोर